विमान उतरताना कान जागे हवेत

परवा दवाखान्यात एक जोडपे आले. दोघेही साठीच्या पुढचे, कळंब तालुक्यातले. आजार कोणताच नव्हता. मुलगा बंगळुरूला नोकरीला, सुनेचे दिवस भरत आलेले, म्हणून मुलाने दोघांची विमानाची तिकिटे काढून पाठवली होती. काकांनी सदऱ्याच्या खिशातून एक छोटी पांढरी डबी काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली. आत शेंगदाण्याएवढी दोन यंत्रे होती.

"डॉक्टरसाहेब, पोरानं हे पाठवलंय. कानात घालून बसा म्हणतो, इमानाचा आवाज लागत नाही म्हणे. पण याला वायरच नाही. इमानात चालतं का हे? अन् मेंदूला काही करत नाही ना?"

काकूंची शंका वेगळी होती. "माझ्या भावजयीचे कान इमानात असे ठणकले की बाई रडायला लागली. हे घातल्यावर दुखणार नाही ना?"

आपल्या धाराशिवहून नियमित प्रवासी विमान नाही. तरीही जिल्ह्यातली माणसे आता विमानात बसू लागली आहेत. कोणी पुण्याहून, कोणी तुळजापूर-नळदुर्ग-उमरगा करीत हैदराबादहून. मुले दूर नोकरीला गेली, नातवंडे तिकडे जन्मली, तेव्हा आईवडिलांना जावेच लागते. आणि तिकिटाबरोबर हल्ली असले बिनतारी हेडफोनही घरोघर येतात. त्यामुळे या जोडप्याचे तीन प्रश्न एकट्याचे नाहीत. ते चालते का, अपाय करते का आणि कानदुखी थांबवते का, या तिन्हींची उत्तरे आज देणार आहे. पण त्याआधी माझी स्वतःची फजिती सांगतो. ती सांगितल्याशिवाय सल्ला देण्याचा मला अधिकार नाही.

डॉक्टरचाच कान

गेल्या हिवाळ्यात नातीच्या बारशासाठी आम्ही दोघे पुण्याहून दिल्लीला गेलो. मला चार दिवसांपासून सर्दी होती. रुग्ण असता तर मी त्याला म्हणालो असतो, "दोन दिवस थांबा, नाहीतर कानाच्या डॉक्टरांना दाखवून मगच निघा." स्वतःच्या बाबतीत मात्र "किरकोळ आहे" म्हणून निघालो. जावईबापूंनी दिवाळीत दिलेले बिनतारी हेडफोन कानात घट्ट बसवले, नाट्यसंगीत लावले आणि विमान वर गेल्यावर थोड्याच वेळात झोपलो.

जाग आली ती डाव्या कानात सुई टोचावी तशा कळेने. विमान उतरत होते. मी गिळायचा प्रयत्न केला, जांभई आणायचा प्रयत्न केला. काही उपयोग झाला नाही. चाके जमिनीला टेकली तेव्हा डाव्या कानाला ठार दडे बसले होते. सौ. डाव्या बाजूला बसली होती, ती काय विचारते आहे ते मला तिच्या ओठांवरून ओळखावे लागत होते.

बारशात नात माझ्या डाव्या खांद्यावर झोपली होती. सगळे म्हणत होते, "ऐका, कशी बारीक हुंकार देते." मला तो हुंकार ऐकू आला नाही. मी तिला उजव्या खांद्यावर घेतले.

परत आल्यावर दवाखान्यात बसलो आणि खरी भीती वाटली. छातीवर नळी ठेवली की एका कानाने स्पष्ट आणि दुसऱ्याने पाण्याखालून यावे तसे. मी सर्वसाधारण डॉक्टर आहे, कानाचा तज्ज्ञ नाही. माझी सगळी विद्या या दोन कानांतून आत येते. पहिल्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ मित्राकडे गेलो. पडदा आत ओढला गेला होता, त्यामागे पाणी साठले होते. फाटला नव्हता, एवढे नशीब. सुमारे तीन आठवड्यांनी कान मोकळा झाला. त्या वेळी आणखी एक गोष्ट उघडकीस आली, ती शेवटी सांगतो.

कान का दुखतो?

कानाच्या पडद्यामागे एक लहानशी पोकळी असते. तिला मध्यकर्ण म्हणतात. ही पोकळी हवेने भरलेली असते. तिथून एक बारीक नळी नाकाच्या मागच्या भागात, घशाच्या वरच्या बाजूला उघडते. मोठ्या माणसात ती सुमारे साडेतीन सेंटिमीटर लांब असते. सोळाव्या शतकातल्या युस्टाकी नावाच्या इटालियन शरीरशास्त्रज्ञावरून तिला युस्टेशियन नळी म्हणतात. एरवी ही नळी मिटलेली असते. आपण गिळतो किंवा जांभई देतो तेव्हा ती क्षणभर उघडते आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंचा हवेचा दाब सारखा होतो. दिवसभर हे आपोआप चालू असते, म्हणून आपल्याला त्याची जाणीव नसते.

आता विमानात काय होते ते पाहा. विमान ३०-४० हजार फुटांवर उडते. तिथली हवा श्वास घेण्यालायक नसते, म्हणून आत यंत्राने दाब राखतात. पण तो जमिनीइतका राखत नाहीत. बहुधा ६ ते ८ हजार फुटांच्या उंचीवर असावा इतकाच ठेवतात. आपल्या महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, ते १६४६ मीटर, म्हणजे सुमारे ५४०० फूट. म्हणजे विमानात खुर्चीवर बसल्या बसल्या आपण कळसूबाईच्याही वर पोहोचतो आणि अर्ध्या तासात खाली उतरतो.

वर जाताना कानातली हवा फुगते. ती नळीतून सहज बाहेर निघून जाते. "टक्" असा बारीक आवाज येतो आणि कान मोकळा होतो. अवघड असते ते उतरणे. उतरताना बाहेरचा दाब वाढत जातो आणि पडदा आत दाबला जातो. आता हवा आत घ्यायची असते आणि मिटलेली नळी आपोआप उघडत नाही. ती स्नायूंनी उघडावी लागते. गिळले, जांभई दिली, तर उघडते. सर्दीने तिचे तोंड सुजलेले असेल, तर उघडत नाही. झोपेत आपण फारसे गिळत नाही, म्हणून झोपलेल्या माणसाचीही उघडत नाही. मी तर सर्दीही घेऊन गेलो होतो आणि झोपलोही होतो.

दाब आणि कान यांचा संबंध किती जवळचा आहे याचा एक दाखला मुंबईचाच आहे. २० सप्टेंबर २०१८ रोजी मुंबईहून जयपूरला निघालेल्या एका विमानात आतला दाब राखणारी यंत्रणा सुरू करायची राहून गेली. विमान वर चढू लागले तसा आतला दाब घसरला. ऑक्सिजनचे मुखवटे खाली आले आणि विमान मुंबईला परत फिरवावे लागले. १६६ प्रवाशांपैकी सुमारे ३० जणांच्या नाकाकानातून रक्त आले किंवा कान दुखू लागले. असा प्रसंग अत्यंत विरळा. तो वाचून कोणी तिकीट रद्द करू नये. पण रोजच्या प्रवासात आपल्या कानाला सांभाळणारा हा दाबच असतो, हे त्यावरून ध्यानात यावे.

हेडफोनने दुखणे थांबते का?

काकूंच्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. नाही. हेडफोन आवाज अडवतो, दाब अडवत नाही. दाबाचा खेळ पडद्याच्या आतल्या बाजूला, नाकामागच्या नळीत चालतो. कानात बाहेरून काय घातले आहे याच्याशी त्या नळीला देणेघेणे नाही.

उलट दोन तोटे आहेत. पहिला असा की कानात घट्ट बसणारी बोंडे कानाच्या भोकाला बुचासारखी लागतात. बाहेरचा दाब बदलत असताना बूच लावलेले बरे नव्हे. विमान उतरू लागल्याची सूचना झाली की ती काढून डबीत ठेवावीत, असे मी आता सर्वांना सांगतो. कानावर बाहेरून टोपीसारखे बसणारे मोठे हेडफोन या बाबतीत त्यामानाने बरे. दुसरा तोटा असा की कानात गाणे आणि डोळ्यावर झोप असली की विमान उतरायला लागले हेच कळत नाही. माझे नेमके तेच झाले.

मग काय करावे? उतरायच्या वेळी जागे राहावे. शेजाऱ्याला किंवा हवाई सेविकेला आधीच सांगून ठेवावे, "उतरायच्या आधी उठवा." खडीसाखर, गोळी, बडीशेप, काहीतरी तोंडात ठेवून चघळत आणि गिळत राहावे. पाण्याचे घोट घ्यावेत. विमानातली हवा फार कोरडी असते, त्यामुळे पाण्याने घशालाही बरे वाटते. एवढ्यानेही दडे सुटले नाहीत तर नाक चिमटीत धरावे, तोंड मिटावे आणि हळूच, अगदी फुगा फुगवायला सुरुवात करतो तितक्याच जोराने नाकातून हवा सोडायचा प्रयत्न करावा. सुमारे तीनशे वर्षांपूर्वी वाल्साल्वा नावाच्या इटालियन वैद्याने ही युक्ती सांगितली. जोर मात्र करू नये. जोराने नुकसान होते. नाकातून पिवळाहिरवा शेंबूड येत असताना आणि हृदयविकार असलेल्यांनी हा प्रयोग टाळावा. त्यांच्यासाठी नाक धरून आवंढा गिळणे अधिक सौम्य आहे.

सर्दी असेल आणि जाणे टळत नसेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना भेटा. नाक मोकळे करणारे थेंब उतरण्यापूर्वी अर्धा ते एक तास टाकल्यास अनेकांना फायदा होतो. पण रक्तदाब, हृदयविकार किंवा काचबिंदू असेल तर विचारल्याशिवाय टाकू नका, आणि ते थेंब चार-पाच दिवसांपेक्षा जास्त वापरू नका. सवय लागली की नाक उलट अधिकच चोंदते.

मग हेडफोन हवे कशाला?

दाबासाठी नव्हे, आवाजासाठी. उडत्या विमानात सतत घोंघावणारा आवाज असतो. तो साधारण ८० ते ८५ डेसिबल भरतो, आणि उड्डाणाच्या वेळी त्याहून वर जातो. पिठाच्या गिरणीत उभे राहून बोलताना जसा आवाज चढवावा लागतो, तसेच विमानात होते. दोन तासांच्या प्रवासात हा आवाज कान बिघडवत नाही. पण माणूस थकतो, डोके जड होते.

खरा धोका वेगळाच आहे. या घोंघाटात गाणे ऐकायचे म्हणजे गाण्याचा आवाज घोंघाटाच्या वर न्यावा लागतो. साधे हेडफोन असतील तर माणूस नकळत आवाज वाढवत नेतो. घरी निम्म्यावर ऐकणारा विमानात पूर्ण करतो. आवाजाचा हिशेब सावकाराच्या व्याजासारखा आहे. ८५ डेसिबल आवाज रोज आठ तासांपर्यंत सोसवतो असे धरतात. त्यात फक्त तीन डेसिबल वाढले की वेळ निम्मी होते. ८८ ला चार तास, ९१ ला दोन तास, ९४ ला एक तास. १०० डेसिबलला पंधरा मिनिटेच. कानाच्या आत शंखासारख्या भागात ऐकण्याच्या केसाळ पेशी असतात, एका कानात सुमारे १५ हजार. त्या जन्मताना मिळतात तेवढ्याच. शेतातले पीक गेले तर पुढच्या हंगामात पुन्हा पेरता येते. या पेशी गेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल आणि मुलांसाठी ७५ डेसिबल अशी मर्यादा सांगितली आहे. १२ ते ३५ वयोगटातील एक अब्जाहून अधिक तरुणांचे कान मोठ्या आवाजाच्या सवयीमुळे धोक्यात आहेत, असा या संघटनेचा इशारा आहे. आपल्याकडे गणपती-नवरात्रातला डीजे, लग्नाची वरात आणि वर्षभर कानातली बोंडे, हे सगळे एकाच खात्यावर मांडले जाते. कानाला दुसरे खाते नाही.

इथे आवाज कापणारे हेडफोन उपयोगी पडतात. त्यांची युक्ती समजायला बारवेवर चला. शांत पाण्यात दोन खडे टाकले की दोन्हीकडून लाटा येतात. जिथे एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यावर येतो, तिथे पाणी सपाट होते. या हेडफोनमधला बारीक मायक्रोफोन बाहेरचा घोंघाट ऐकतो आणि आतले यंत्र त्याच्या नेमकी उलटी लाट तयार करून कानात सोडते. दोन्ही लाटा एकमेकींना मारतात. सतत चालणारी जाड घरघर यात छान कमी होते. लहान मुलाचे रडणे किंवा माणसांचे बोलणे तितके कमी होत नाही.

याच्या मुळाशी एका भारतीय वंशाच्या माणसाची विमानातलीच अस्वस्थता आहे. अमर बोस हे बंगाली वडिलांचे अमेरिकेत जन्मलेले पुत्र, तिथल्या मॅसॅच्युसेट्सच्या प्रख्यात तंत्रसंस्थेत प्राध्यापक. १९७८ साली झुरिचहून बोस्टनला जाताना विमानात मिळालेल्या हेडफोनमधून घोंघाटामुळे संगीत धड ऐकू येईना. तेव्हा त्यांनी प्रवासातच याचे गणित मांडायला घेतले. त्यांच्या कंपनीचा वैमानिकांसाठीचा हेडफोन १९८९ साली बाजारात आला. सामान्य प्रवाशांपर्यंत तो पोहोचायला आणखी दहाएक वर्षे गेली. बोस २०१३ साली वारले.

घोंघाट कमी झाला की गाण्याचा आवाज चढवावा लागत नाही. या हेडफोनचा आरोग्याच्या दृष्टीने हाच खरा फायदा. काही जणांना ते लावल्यावर कानात दाब आल्यासारखे किंवा गरगरल्यासारखे वाटते. तसे झाले तर ती सोय बंद करावी. गाणे न लावता नुसती आवाज कापण्याची सोय चालू ठेवूनही शांत बसता येते. वयस्क मंडळींना मी तेच सुचवतो.

मेंदूला अपाय होतो का?

या यंत्रांना बिनतारी संदेश पोहोचवणाऱ्या तंत्राचे नाव ब्लूटूथ. दहाव्या शतकातल्या एका डॅनिश राजाच्या टोपणनावावरून ते ठेवले आहे. यात रेडिओलहरीच वापरतात. क्ष-किरणांसारख्या पेशी मोडणाऱ्या त्या नाहीत. मोबाईलला दूरच्या मनोऱ्यापर्यंत पोहोचायचे असते, या यंत्राला खिशापासून कानापर्यंत. त्यामुळे त्याची शक्ती मोबाईलच्या मानाने फारच थोडी, बहुधा काही मिलिवॅट एवढीच असते. एवढ्या शक्तीने मेंदूला अपाय झाल्याचे आजवर सिद्ध झालेले नाही. काकांना मी म्हणालो, "मेंदूची काळजी सोडा, आवाजाची करा." लहरीला लोक घाबरतात आणि आवाजाला घाबरत नाहीत. व्हायला हवे उलटे.

विमानात चालते का?

चालते, पण शिस्तीने. पूर्वी आपल्या देशात विमान उडताना-उतरताना सगळी उपकरणे बंद करावी लागत. एप्रिल २०१४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने 'फ्लाइट मोड'वर ठेवलेली उपकरणे पूर्ण प्रवासात वापरायला मुभा दिली. मोबाईल आधी फ्लाइट मोडवर टाकायचा, मग विमान कंपनीची हरकत नसेल तर ब्लूटूथ तेवढे चालू करायचे. कंपनीकंपनीचे नियम थोडे निराळे असतात, म्हणून आत गेल्यावर विचारून घ्यावे. खुर्चीसमोर पडदा असलेल्या बऱ्याच विमानांत तारेचाच हेडफोन लागतो, हेही ध्यानात असू द्या. गाणी आधी मोबाईलमध्ये उतरवून ठेवावीत.

सुरक्षेच्या सूचना सुरू असताना आणि उडताना-उतरताना कान मोकळे ठेवावेत. आवाज कापणारे यंत्र सूचनाही कापू शकते.

दुसरी गोष्ट बॅटरीची. २०१७ साली बीजिंगहून मेलबर्नला जाणाऱ्या विमानात एका प्रवासी महिलेच्या हेडफोनची बॅटरी झोपेत असतानाच पेटली. तिच्या चेहऱ्याला आणि हाताला इजा झाली. कर्मचाऱ्यांनी पाणी ओतून आग विझवली. असे क्वचितच घडते, पण नियम त्यासाठीच आहेत. सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक पोत्यात किंवा मोठ्या बॅगेत टाकून देऊ नयेत. त्या हातातल्या पिशवीतच असाव्यात. फुगलेली, फार तापणारी किंवा स्वस्तात घेतलेली निनावी वस्तू विमानात नेऊच नये. यंत्र खुर्चीच्या फटीत पडले तर खुर्ची हलवून काढू नका. बॅटरी चेपली तर पेटते. कर्मचाऱ्यांना बोलवा.

लेकरे आणि श्रवणयंत्रवाले

लहान मुलांची ती नळी आखूड, अरुंद आणि आडवी असते. म्हणून त्यांचे कान जास्त दुखतात. तान्ह्या बाळाला विमान उतरू लागले की अंगावर घ्यावे किंवा बाटली द्यावी, डोके थोडे वर ठेवून. गिळले की नळी उघडते. बाळ रडले तर घाबरू नका, रडण्यानेही कान मोकळा व्हायला मदत होते. मुलांच्या कानात बोंडे घालून मोबाईल हातात देऊन मोकळे होऊ नये. द्यायचेच तर बाहेरून बसणारा हेडफोन आणि कमी आवाज.

ज्यांना श्रवणयंत्र आहे त्यांनी ते विमानात काढायचे नाही. त्याला परवानगी असते. काढून ठेवले तर सूचना ऐकू येणार नाहीत. कानाचे ऑपरेशन झालेल्यांनी, पडद्याला भोक असलेल्यांनी आणि कान वाहणाऱ्यांनी तज्ज्ञांना विचारूनच प्रवास ठरवावा.

स्वच्छताही सांगतो. बोंडे कानातला मळ आत ढकलतात आणि आत ओल धरतात. एकमेकांची वापरू नयेत. वापरल्यावर कोरड्या फडक्याने पुसावीत. आणि कान खाजतो म्हणून काडी, पिन किंवा गरम तेल घालू नका. कानात तेल घालून बसण्याची म्हण ठीक आहे, ती कृती नको.

कधी धावावे?

प्रवासानंतर दडे बसणे एक-दोन दिवसांत बहुधा सुटते. तीन दिवसांत सुटले नाही, दुखणे वाढत गेले, कानातून पाणी किंवा रक्त आले, ताप आला, तर डॉक्टरांना दाखवा. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले किंवा गरगरू लागले तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा. अशा वेळी पहिले काही दिवस फार मोलाचे असतात, उशीर झाला की उपचाराचा गुण येत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले आहे. त्यामुळे "सोलापूरला कोण जाणार" म्हणून थांबण्याचे कारण नाही. पडदा फाटला तरी बहुतेक वेळा तो काही आठवड्यांत आपोआप भरून येतो. तोवर कानात पाणी जाऊ द्यायचे नाही आणि काहीही घालायचे नाही.

उरलेली गोष्ट

आता मघाशी राखून ठेवलेले सांगतो. माझा कान मोकळा झाल्यावर मित्राने श्रवणचाचणी केली. काचेच्या खोलीत बसवून बारीकमोठे सूर ऐकवतात आणि आलेख काढतात. डावा कान पूर्ववत झाला होता. पण दोन्ही कानांचा आलेख उंच सुरांकडे खाली घसरलेला होता. काही वाटा वयाचा असेल. पण मित्राने विचारले, "सकाळी फिरताना काही ऐकतोस का?" ऐकत होतो. कित्येक वर्षे हातलाईच्या बाजूला फिरताना कानात नाट्यसंगीत, रस्त्यावरच्या गाड्यांच्या वर आवाज नेऊन. एकदाही वाटले नाही की आपण रोज थोडे थोडे गमावतो आहोत. दुखले असते तर थांबलो असतो. कानाचा हा दोष आहे, तो जाताना दुखत नाही. विमानातल्या त्या कळेने मला तज्ज्ञाच्या खुर्चीत नेऊन बसवले, नाहीतर कळलेही नसते. जे गेले ते परत येणार नाही. उरले आहे ते राखतो आहे. आता फिरताना कान मोकळे असतात. पाखरे ऐकतो, जेवढी येतात तेवढी.

कळंबच्या काकांना मी डबी परत दिली आणि सांगितले, "घेऊन जा. वर गेल्यावर घाला, आवाज निम्म्याच्या जरा वर, त्याहून जास्त नको. तासाभराने काढा. उतरायची सूचना झाली की डबीत, आणि तोंडात खडीसाखर." काकू म्हणाल्या, "अन् मला?" मी म्हणालो, "तुम्हाला खडीसाखर दुप्पट. आणि यांना झोपू देऊ नका."

थोडक्यात

सर्दीत विमान टाळा. टळत नसेल तर आधी डॉक्टरांना भेटा.

उतरताना जागे राहा, गिळत राहा, कानातली बोंडे काढा.

हेडफोन दाबाचे औषध नाही. आवाज मर्यादेत ठेवला तरच तो उपयोगाचा.

मोबाईल फ्लाइट मोडवर, बॅटरी हातातल्या पिशवीत.

अचानक ऐकू येईनासे झाले तर त्याच दिवशी तज्ज्ञाकडे.

काका-काकू पुढच्या आठवड्यात निघत आहेत. नातवंड झाले की पेढे आणतो म्हणून सांगून गेले आहेत. त्या बाळाचा पहिला हुंकार दोघांनाही दोन्ही कानांनी ऐकू यावा, एवढीच इच्छा.